आपलेपणाची यादी कोणी केली?



'विद्यापीठ पूर्वी एक कुटुंब होते, आता ते राहिले नाही' हा गेल्या रविवारच्या पत्रलेखकांचा सूर पटला नाही. पूर्वी म्हणजे नेमके कधी? २३ ऑगस्ट १९५८ ला स्थापन झालेल्या आपल्या मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या साडेपंधरा वर्षांत मराठवाड्यात दलितांची घरे जळाली, माणसे गेली. घरात कोणाला घ्यायचे, हाच तर वाद होता.

मी नामविस्तारानंतर दोन वर्षांनी केजहून आलो. 'कमवा आणि शिका'त सकाळी झाडांना पाणी घालायचे, मग तास. शनिवारी एसटीने कोणाचा तरी डबा यायचा. भाकरी वाळून पापड झालेली, ठेचा मात्र झणझणीत. खोलीतले चौघे चार जातींचे, पण डबा कोणाच्या घरचा हे विचारायची पद्धत नव्हती. (शेवटचा तुकडा कोणी उचलला, यावरून मात्र अबोले झाले.)

दर १४ जानेवारीला प्रवेशद्वाराशी गावोगावची माणसे लोटतात. त्यांतल्या कित्येकांनी विद्यापीठाचा वर्ग आतून पाहिलेला नाही. एक आजी कमानीच्या दगडावर तळवा ठेवून बराच वेळ उभी होती. नातू 'चल ना' म्हणत पदर ओढत होता. माजी विद्यार्थ्यांच्या कोणत्याही यादीत तिचे नाव नसणार. पत्रलेखकांनी आपल्या कुटुंबात तिला धरले आहे का?

– एक माजी विद्यार्थी, बेगमपुरा, छत्रपती संभाजीनगर