वेळ त्यांची, पैसा आमचा

यंदाच्या अंकासाठी विमानप्रवाशांच्या हक्कांवर लिहिणार आहे असे सांगताच वर्गातले मित्र मनसोक्त हसले. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे मान्य. पण परभणीत विमानतळ कुठे आहे, असा त्यांचा सवाल. सवाल रास्त आहे. परंतु जिल्ह्यात विमानतळ नाही म्हणून जिल्ह्यात विमानप्रवासीही नाहीत, असे समजणे बरोबर नाही. जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेडची मुले मुलाखतीसाठी बंगळूर-दिल्लीला जातात, कामासाठी आखातात जातात. वडीलधारी माणसे कुणी उमराहला जातात, कुणी परदेशातल्या लेकीकडे. आणि ज्याच्या दारात विमानतळ नाही, त्यालाच विमानाच्या बदललेल्या वेळेची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते. माझे म्हणणे नेमके हेच आहे.

मुंबईत राहणाऱ्या माणसाचे विमान तीन तासांनी पुढे गेले, तर तो घरी आणखी एक झोप काढील. आपल्याकडचा माणूस तोवर घरातून कधीच निघालेला असतो. हैदराबादहून विमान असेल तर आधी रेल्वे, मग सिकंदराबादहून शमशाबादपर्यंतची टॅक्सी, आणि वेळ जुळली नाही तर एका रात्रीची लॉज. जवळचे विमानतळ नांदेडचे. तिथून ‘उडान’ योजनेतले हैदराबादचे विमान २७ एप्रिल २०१७ रोजी सुरू झाले, तेव्हा साऱ्या मराठवाड्याला आनंद झाला. पण ती सेवा चालवणारी कंपनी २०२२ मध्ये थांबली, आणि दुसऱ्या कंपनीची विमाने नांदेडहून उडू लागायला २०२४ साल उजाडावे लागले. जिथे दिवसाला एखाददुसरेच विमान, तिथे ते रद्द झाले की प्रवाशापुढे दुसरा मार्ग उरत नाही.

माझ्या मावसभावाची हकिगत सांगतो. बंगळूरला नोकरीची मुलाखत होती. तिकीट हैदराबादहून, आदल्या संध्याकाळचे. गावातल्या एजंटाकडून काढलेले. सकाळची गाडी धरून दुपारी सिकंदराबाद आणि तिथून विमानतळ, असा त्याचा हिशेब. तो शमशाबादला पोहोचला तेव्हा विमान उडून गेलेले होते! कंपनीने संध्याकाळचे विमान दुपारवर आणले होते. निरोप पाठवला होता म्हणे. तो गेला एजंटाच्या मोबाइलवर, कारण तिकिटावर नंबर एजंटाचाच होता. काउंटरवर त्याला ‘गैरहजर प्रवासी’ ठरवण्यात आले. रात्रभर बसने जाऊन तो मुलाखतीला पोहोचला, पण उशिरा. नोकरी गेली. घरी कुणी तक्रारीचा विचारही केला नाही. मावशी एवढेच म्हणाली, “जाऊ दे बाबा, आपलं नशीब.”

हे ‘आपलं नशीब’ मला मान्य नाही. नशिबाच्या नावावर आपण जे सोडून देतो, त्यातले बरेचसे कायद्याने आपल्याला दिलेले असते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने याविषयी २०१० साली नियम केले आणि पुढे त्यांत सुधारणाही केल्या. त्यांचा सारांश असा. विमान रद्द होणार असेल तर कंपनीने किमान दोन आठवडे आधी कळवावे आणि दुसऱ्या विमानाची सोय करावी किंवा पैसे परत द्यावेत. यातले काय हवे ते प्रवाशाने ठरवायचे. नियमाप्रमाणे कळवलेच नाही, तर वर नुकसानभरपाईही द्यावी. तिची कमाल मर्यादा एका तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,०००, दोन तासांपर्यंत ७,५०० आणि त्याहून लांबच्या उड्डाणाला १०,००० रुपये. सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल तर दुसरे विमान किंवा पूर्ण पैसे मागता येतात. विमानतळावर ताटकळत बसवले तर ठरावीक वेळेनंतर चहापाणी, जेवण आणि चोवीस तासांहून अधिक खोळंबा झाल्यास राहण्याची सोय फुकट द्यावी लागते.

नियम चांगले आहेत. मात्र ते शहरातला प्रवासी डोळ्यांसमोर ठेवून केलेले दिसतात. ही भरपाई ‘वरील रक्कम किंवा मूळ भाडे व इंधन आकार, यांपैकी जे कमी असेल ते’ अशी मोजतात. म्हणजे तिकीट जितके स्वस्त तितकी भरपाई थोडी. परभणीहून विमानतळापर्यंत जायला लागलेला खर्च, लॉजचे भाडे, बुडालेली मजुरी यांचा त्यात हिशेबच नाही. दुसरे असे की, ज्याने तिकीट काढताना संपर्काची पुरेशी माहिती दिली नाही त्याला भरपाई मिळत नाही. एजंटाचा नंबर लिहिलेल्या आपल्या तिकिटांचे काय होते, ते यावरून समजावे.

विमान उशिरा सुटणे आणि विमान वेळेआधी निघून जाणे या दोहोंत फरक आहे. उशिराने माणूस खोळंबतो. लवकर गेलेल्या विमानाने तो मागेच राहतो. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०२१ च्या डिसेंबरात निर्णय दिला, की उड्डाण एक तासाहून अधिक अलीकडे आणले तर ते रद्द केल्यासारखेच समजावे. अमेरिकेने २०२४ मध्ये नियम केला, की देशांतर्गत विमानाची वेळ तीन तास वा अधिक मागेपुढे झाली आणि प्रवाशाने ती नाकारली, तर पूर्ण पैसे परत द्यावेत. आपल्याकडेही अशी रोखठोक रेषा आखली जावी.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. धुके, वादळ, संप यांवर कुणाचा इलाज नाही आणि अशा प्रसंगी भरपाई देण्यातून नियमच त्यांना सूट देतात. २००७ मध्ये दिल्लीच्या धुक्यात अडकलेल्या हैदराबादच्या एका प्रवाशाचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने २०११ मध्ये भरपाई नाकारली. पण खोळंबलेल्या प्रवाशाच्या किमान सोयी पाहण्याचे कर्तव्य कंपनीला टाळता येत नाही, हेही सांगितले. हा न्याय मला पटतो. पण २०२५ च्या डिसेंबरात इंडिगोची हजारो विमाने रद्द झाली, तेव्हा कुठले धुके होते? वैमानिकांना पुरेशी विश्रांती देण्याचे नियम लागू झाले होते आणि कंपनीने त्याची तयारी केली नव्हती. तिकिटांचे भाव इतके भडकले की सरकारला कमाल दर ठरवून द्यावे लागले. माणसांच्या ढिसाळपणाला दैवी आपत्ती म्हणून चालणार नाही.

वेळेला किंमत असते, हे आपल्या न्यायालयांनी मान्य केले आहे. २०१६ मध्ये अजमेर-जम्मू एक्सप्रेस चार तास उशिरा पोहोचली आणि एका कुटुंबाचे श्रीनगरचे विमान चुकले. रेल्वेला उशिराचे कारण पटवून देता आले नाही, म्हणून टॅक्सीचे व मुक्कामाचे पैसे आणि मनस्तापाची भरपाई द्यावी, हा ग्राहक मंचाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कायम केला. टॅक्सीचे आणि मुक्कामाचे पैसे! आपल्यासारख्यांचे खरे नुकसान तेच तर असते.

आता सर्वांत महत्त्वाचे. १९८६ चा ग्राहक कायदा येण्याच्या कितीतरी आधी, १९७४ मध्ये, बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. ग्राहक एकटा असतो म्हणून नाडला जातो, हे तिने ओळखले. पण जुन्या कायद्यात तक्रार कंपनीच्या ठिकाणी किंवा घटना घडली तिथे करावी लागे. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि तक्रारदार जिथे राहतो किंवा कामधंदा करतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडेही दाद मागता येऊ लागली. याचा अर्थ काय? विमान शमशाबादहून उडो की मुंबईहून, कंपनीचे कार्यालय गुरगावला असो की आणखी कुठे, तिला परभणीच्या ग्राहक आयोगात उत्तर द्यावे लागेल. मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकील दिलाच पाहिजे अशी सक्ती नाही. आपल्या जिल्ह्याला विमानतळ मिळाले नाही. पण न्यायाची धावपट्टी मिळाली आहे. तिच्यावर कुणी उतरत नाही, एवढेच.

म्हणून मित्रहो, सांगणे थोडे आहे. तिकिटावर नंबर स्वतःचा किंवा घरच्यांचा टाकायला लावा. निघण्यापूर्वी वेळ पुन्हा तपासा. बदलाचा निरोप, बोर्डिंग पास, टॅक्सीची व लॉजची पावती जपून ठेवा. आधी कंपनीला लेखी कळवा; दाद लागली नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोला आणि मग आयोगाकडे जा. गावात ज्यांना अर्ज लिहिता येत नाही, त्यांना तो लिहून देण्याचे काम आपण कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी करावे. तीन वर्षे भाषा शिकून चार ओळींचा नेमका अर्ज लिहिता येत नसेल, तर त्या शिक्षणाचा उपयोग काय? पैसे आपण आगाऊ मोजतो, तेव्हा वेळेचा जाब मागण्याचा अधिकारही आपलाच आहे.