भगताला हाकललं, आणि पोरीला खोटं ठरवलं

आमच्या वस्तीतल्या एका मुलीला झटके यायचे. वय एकोणीस. अंग ताठ, मान इकडून तिकडे, डोळे घट्ट मिटलेले; कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. आजी म्हणाली देवीचं वारं, शेजारीण म्हणाली बाहेरची बाधा. आम्ही कार्यकर्ते पुढे झालो, 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा दाखवून भगताला वस्तीबाहेर काढलं. इथपर्यंत छाती फुगवून सांगण्यासारखं आहे. पुढचं नाही.

फिटच्या गोळ्या सुरू झाल्या. डोस वाढत गेला, झटके थांबले नाहीत. दोन वर्षांनी शहरातल्या एका दवाखान्यात ईईजी नॉर्मल आला आणि डॉक्टर आईसमोरच म्हणाले, "काही नाही, नाटक करते." आमच्यातल्या एकाने लगेच री ओढली, "अंगात येणं काय नि हे काय, सगळं ढोंग." तो एक मीच.

मित्रांनो, ते ढोंग नव्हतं. अपस्मारात मेंदूतल्या विजेचा अचानक गोंधळ होतो. काही झटके बाहेरून तसेच दिसतात, पण त्यांत तो गोंधळ नसतो. यांना डिसोसिएटिव्ह किंवा फंक्शनल झटके म्हणतात. ते माणूस मुद्दाम आणत नाही, त्याला ते थांबवताही येत नाहीत. अपस्माराच्या गोळ्यांचा त्यांवर उपयोग होत नाही. 2002 साली जर्मनीत झालेल्या एका अभ्यासात योग्य निदान व्हायला सरासरी सात वर्षं लागल्याचं दिसलं. प्रगत देशात ही गत, तर आपल्या तालुक्यात काय असेल?

नुसत्या नॉर्मल ईईजीवरून निकाल देता येत नाही, कारण अपस्मार असलेल्यांचाही ईईजी दोन झटक्यांच्या मधे नॉर्मल येऊ शकतो. खात्रीची तपासणी म्हणजे व्हिडिओ ईईजी. त्यात झटका चालू असताना कॅमेरा आणि मेंदूचा आलेख एकाच वेळी चालतो. ती सगळीकडे होत नाही. म्हणून घरच्यांनी झटक्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढून न्यूरॉलॉजिस्टला दाखवावा. काहींना दोन्ही प्रकारचे झटके असतात, तेव्हा गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

उपचार आहे, तो बोलण्याचा. सायकॉलॉजिस्टबरोबर ठरावीक बैठका, झटका येण्याआधीची लक्षणं ओळखणं, दबलेली भीती, आघात, ताण यांवर काम. प्रत्येकीच्या मागे अत्याचारच असतो असं नाही. तसं गृहीत धरून पोरीची उलटतपासणी घेणं हाही छळच. आणि खोटी आशाही नको. 2020 साली ब्रिटनमध्ये 368 रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत या उपचाराने वर्षभरात झटक्यांची संख्या फारशी घटली नाही, पण रोजचं जगणं सुधारलं.

आता आपला प्रश्न. भगत म्हणतो, देवी बोलते. डॉक्टर म्हणतो, नाटक. दोघांच्याही बोलण्यात ती पोर स्वतः कुठेच नाही. आपण विज्ञानवादी म्हणवतो आणि भूत नाकारून थांबतो. बाबासाहेबांनी दिलेला धम्म दुःख आहे हे आधी मान्य करतो, मग त्याचं कारण शोधतो. आपण पहिली पायरीच गाळली.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेत मानसिक उपचार मिळणं हा हक्क केला आहे. शारीरिक आजारासारखाच मानसिक आजाराचा विमाही द्यावा लागतो. 14416 या टेलिमानस क्रमांकावर फुकट बोलता येतं. पण फोन म्हणजे बैठका नव्हेत. जिल्हा रुग्णालयात सायकॉलॉजिस्ट आठवड्यातून किती दिवस बसतात, हे माहिती अधिकारात विचारा. जागा रिकामी असेल तर त्यासाठी मोर्चा काढा. जयंतीच्या डीजेच्या वर्गणीतून दोन पोरींचं एसटीचं भाडं निघतं, हेही सांगून ठेवतो.

आमची पोरगी आता पंधरा दिवसांनी बैठकीला जाते. झटके कमी झालेत, थांबलेले नाहीत. या रविवारी वंदनेनंतर विहारात ती स्वतःच दाखवणार आहे: झटका आला तर कांदा-चप्पल हुंगवायची नाही, हातपाय दाबायचे नाहीत, तोंडात काही घालायचं नाही, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचं, शांत आवाजात बोलत राहायचं. निदान झालेलं नसेल आणि पाच मिनिटांत थांबला नाही, तर 108 ला फोन. मी पहिल्या रांगेत बसणार आहे.