पत्ता न विचारणारे बिऱ्हाड

दिवाळीच्या अंकात संगणकाच्या पोटातली गोष्ट! वाचक नाक मुरडतील, हे मी जाणून आहे. पण बिऱ्हाड आणि पत्ता हे विषय आपल्या इतके जिव्हाळ्याचे, की मला राहवत नाही.

युनिक्सच्या घराण्यातल्या यंत्रांवर एका वेळी कितीतरी प्रोग्रॅम चालतात. फाइल उघडणे, अक्षरे उमटवणे ही कामे बहुतेकांना लागतात. प्रत्येकाने ती पदरी बाळगली, तर मेमरीत दाटी व्हायची. म्हणून ती एका सामायिक संग्रहात, म्हणजे शेअर्ड लायब्ररीत ठेवतात. एकच पुरणयंत्र चाळभर फिरते, तसेच हे!

पण या संग्रहाला जागा कुठली द्यावी? लिनक्सच्या जुन्या ‘ए-आउट’ पद्धतीत प्रत्येक संग्रहाला कायमचा पत्ता नेमून दिलेला असे. संग्रह फुगला, की शेजाऱ्याच्या हद्दीत पाय! सनओएस ४.० ने १९८८ सालीच निराळी वाट धरली होती. ‘एल्फ’ पद्धतीबरोबर १९९० नंतरच्या दशकात लिनक्सही तिकडे वळले.

ही वाट म्हणजे पत्ता गृहीतच धरायचा नाही. ‘खोली नंबर बारा’ न म्हणता ‘माझ्यापासून चौथी खोली’ म्हणायचे. अख्खी चाळ हलवली, तरी ते खरेच राहते. बाहेरच्यांचे पत्ते मात्र एका वहीत असतात. तिचे नाव ग्लोबल ऑफसेट टेबल. बिऱ्हाड लागले, की लोडर ती वही भरतो. कोड सर्वांना मिळून एकच, वही ज्याची त्याची. सारी खुबी इथेच आहे.

जीसीसी कंपायलरला त्यासाठी ‘-एफपीआयसी’ अशी खूण द्यावी लागते. वही चाळायला थोडा वेळ जातो खरा. ३२ बिटी इंटेल यंत्रांवर तर मुळात रजिस्टरे आठच, त्यांतले एक या वहीपायी अडकून पडे. ६४ बिटी यंत्रांत ती ओढाताण बरीच निवली.

आणि लाभ केवढा! जागा कुठलीही चालते, तर दर वेळी नवीच का देऊ नये? २००१ साली ‘पॅक्स’ने लिनक्सवर हे करून दाखवले. घरफोड्याला नेमके दारच ठाऊक नसते. तुमच्या मोबाइलमधल्या बँकेच्या ॲपलाही या युक्तीचा आधार आहे, बरे का! कायमचा पत्ता नसणे हे नेहमीच दैन्य नव्हे, हे मला या यंत्राने शिकवले.