लांब भिंगावरील आक्षेप

रस्त्यावरील छायाचित्रणास ३५ किंवा फार तर ५० मिलीमीटरचें भिंग. त्याहून लांब वापरील तो भित्रा, असा दंडक कांहीं मंडळींनीं घालून ठेविला आहे. परक्या माणसाच्या तोंडाशीं कॅमेरा रोखणें हें शौर्य कसलें? पुष्कळदां तो निव्वळ असभ्यपणा असतो. ह्या मंडळींनीं सॉल लायटरचीं चित्रें पाहिलींच नसावींत! १९५० च्या दशकांत न्यूयॉर्कमध्यें रंगीत फिल्मवर त्यानें टिपलेल्या छत्र्या, ओल्या कांचेमागचे चेहरे, यांतील कितीतरी लांब भिंगांतूनच उतरले आहेत.

आक्षेप घ्यावयाचाच तर भिंगाच्या आकारावर घ्यावा. टेलिफोटो रचनेंत मागें अंतर्गोल भिंग बसवून नळी आंखूड करतां येते. लायकाचें १९७० च्या दशकांतील ९० मिलीमीटरचें टेली-एल्मारिट असें मुठींत मावतें. त्याचें एफ २.८ पुरे आहे. ४०० च्या फिल्मवर मोकळ्या सावलींतही एफ ४ ला सुमारें १/५०० सेकंद मिळतो. एफ १.४ चा अवजड गोळा गळ्यांत अडकविणाऱ्यास रस्ताच आधीं पाहून घेतो. मोह आवरावा तो १३५ मिलीमीटरचा: रेंजफाइंडरमध्यें त्याची चौकट इतकी इवलीशी दिसते कीं, चेहऱ्यावरील भाव अंदाजानेंच टिपावा लागतो.