स्वेटर केव्हा काढावा?

पहाटे साडेपाचला रावेतच्या बास्केट पुलावर पवनेवरचा वारा कानात शिरतो, तेव्हा ‘पुण्याची थंडी ती काय!’ म्हणणाऱ्यांना हाताला धरून तेथे आणावेसे वाटते. १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्यात पारा १.७ अंशांवर उतरला होता. तेवढी थंडी आता नसते. पण पोलीस भरतीचा सराव करणाऱ्या आम्हा मुलामुलींना जी असते ती पुरते.

यावेळी रस्त्यावर दोन पंथ दिसतात. एक कानटोपी, मफलर, स्वेटर आणि वर शाल अशा थाटात चालणाऱ्या काका-मावश्यांचा. त्यांचे ठीक आहे. त्यांना घाम फारसा येत नाही. दुसरा आमचा, पातळ सुती कपड्यांवर निघणारा. थंडी सोसली की अंग कणखर होते, हे त्याचे ब्रीद! माझेही होते. मागच्या डिसेंबरात सुती कमीज घालून, ओढणी पिनेने अडकवून, मी गार अंगानेच ८०० मीटर सुसाट निघाले. निम्म्यात पोटरी धरली. पंधरा दिवस कॉलेजचे जिने कठडा धरून चढले. हेच मैदानी चाचणीच्या दिवशी झाले असते तर?

(बंद रेनकोट घालून धावणारेही काही आहेत. त्यांचे वजन उतरते ते पाण्याचे. दोन तांबे प्याले की परत येते.)

मित्रहो, सुती कापड घाम धरून ठेवते आणि ओले कापड अंगातली ऊब झपाट्याने ओढून नेते. म्हणून आत लवकर वाळणारी पातळ जर्सी हवी, वर स्वेटर. आधी थोडे चालावे, अंग तापले की स्वेटर काढून कमरेला बांधावा आणि थांबल्याबरोबर पुन्हा चढवावा. हे शेवटचेच सारे विसरतात. घामेजल्या अंगाने गप्पा मारत उभे राहतात. ओढणी मात्र घरी ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ती थंडी अडवत नाही, पायात येते.

ट्रॅकसूटचा भाव विचारून मी दुकानातून परत आले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. फी आधी, ट्रॅकसूट मग. जर्सी भावाची कबड्डीची आहे. तिच्यावर अण्णांचे चाकणच्या कारखान्यातले चमकत्या पट्ट्यांचे जुने जाकीट घालते. अंधारात डंपरवाल्याला मी लांबून दिसते, हा त्याचा खरा उपयोग.

आई म्हणते, “पोरगी पहिल्या पाळीला निघाल्यासारखी दिसते!” मैत्रिणीही आधी हसल्या. आता त्यांतल्या दोघींनी घरून तसलीच जाकिटे मागून घेतली आहेत.