घर रिकामं करा म्हणे!

लाकडी जमीन घासून नव्याने पॉलिश कशी करायची, हे सांगणारा कुठलाही व्हिडिओ उघडा. पहिलं वाक्य ठरलेलं असतं : 'आधी घर रिकामं करा.' सामान हलवा, चार दिवस दुसरीकडे राहा, खिडक्या सताड उघड्या ठेवा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मान डोलावली होती. आता ऐकलं की डोकं फिरतं.

कारण हा सल्ला ज्याच्याकडे जायला दुसरं घर आहे, त्याच्यासाठी आहे.

आमचं घर आळेफाट्याच्या चौकातून गाडीवर दहा मिनिटांवर आहे. पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे रस्ते एकमेकांना कापतात, तोच चौक. घराच्या भिंती दगड-मातीच्या, वर सागवानी फळ्यांची माडी. झोपायचं माडीवर, धान्याच्या कोठ्या माडीवर आणि फळ्यांच्या बरोबर खाली स्वयंपाकघर. माणसं सहा. रिकामं करून जायचं कुठे? चौकातल्या लॉजवर?

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये मी व्हिडिओबरहुकूम काम काढलं. घासायचं मशीन भाड्याने आणलं. फळ्या हाताने तासलेल्या, एक वर तर एक खाली, मधेमधे जुन्या खिळ्यांची डोकी. पहिल्या तासात पॉलिश पेपरचे तीन पट्टे फाटले. भुसा फटींतून थेट खाली उतरला : पिठाच्या डब्यात, दुधात, आईच्या केसांत. मग मी पॉलियुरेथेनचा हात मारला. डब्यावर लिहिलं होतं, हवा खेळती ठेवा. दिवसभर ठेवली. रात्री कशी ठेवणार? जुन्नर तालुका आहे हा. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, आणि उरलेले बिबटे आमच्या उसात आहेत. इथे कुणी दार उघडं टाकून झोपत नाही आणि ओट्यावर तर नाहीच नाही. आम्ही दारं-खिडक्या लावून घेतल्या. रात्री दीडच्या सुमाराला आजीला श्वास घेता येईना.

तिला दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला, तिसऱ्या दिवशी ती घरी आली. आल्यावर जिन्याकडे बघत तिने विचारलं, "चमकतीय का रे माडी?" जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

चूक माझीच होती. पण ती पद्धतही राहत्या घरासाठी नव्हती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला १९९५ सालीच कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. तेलावर आधारलेलं पॉलियुरेथेन एका रात्रीत हाताला सुकलेलं लागतं, पण पूर्ण मुरायला कित्येक आठवडे घेतं. म्हणजे 'चार दिवस बाहेर राहा' हा सल्ला अर्धवटच आहे. पाण्यावर आधारलेल्या प्रकाराला वास कमी, पण स्वभाव तोच. लाकडावर पातळ कातडं चढतं. ते एका जागी खरवडलं गेलं, तर तेवढ्यापुरतं ठिगळ बेमालूम बसत नाही. बहुतेक वेळा अख्खी खोली पुन्हा घासावी लागते. म्हणजे पुन्हा घर रिकामं!

आजी घरी आल्यावर घरातल्यांचा निकाल आला : फरशी टाका. भाऊ म्हणाला, "साग आहे म्हणून काय चाटायचाय?" त्याचं सगळंच चूक नव्हतं. पुसायला फरशी सोपी, आणि पुसणारी आईच असते. पण मी कागद घेऊन हिशेब केला. दहा बाय बाराची एक खोली म्हणजे साधारण अकरा चौरस मीटर. दोन इंच सिमेंट-वाळूचा थर आणि वर व्हिट्रिफाइड टाइल धरली, तर चौरस मीटरला सव्वाशे किलोच्या आसपास वजन. एका खोलीत तेराशे किलोंच्या वर. आपल्या मार्केट यार्डाच्या भाषेत, पन्नास किलोच्या पंचवीसहून जास्त कांद्याच्या गोण्या कायमच्या माडीवर रचून ठेवायच्या. तेही त्या तुळयांवर, ज्यांचं वय घरात कुणालाच माहीत नाही. शिवाय वरून सिमेंट बसलं की फळीचा ओलावा अडकतो, आणि ती सडायला लागली तरी दिसत नाही. कळतं ते टाइल हलल्यावर.

आणि हे कुठे चाललंय? जुन्नरमध्ये! १७३० साली पुण्यात शनिवारवाड्याचा पाया घातला, त्याला साग गेला तो जुन्नरच्या जंगलातून. दगड चिंचवडचा आणि चुना जेजुरीचा. आज आपण वाडे पाडून तोच साग विकतो आणि मोरबीच्या टाइलचा ट्रक आळेफाट्यावरून गावात वळवतो. शहरात त्याच फळ्या 'रिक्लेम्ड टीक' म्हणून कुणाच्या तरी कॅफेची टेबलं होतात. तिथे बसून आपणच त्यांचे फोटो काढतो.

माझं भांडण टाइलशी नाही. नवं स्लॅबचं घर असेल तर खुशाल टाका. माझं भांडण आहे ते 'एकदाच करा, कायमचं करा, त्यासाठी घर थांबवा' या हट्टाशी. दुरुस्ती म्हणजे सुट्टी काढून, माणसं हलवून करायचा सोहळा, हे आपल्या डोक्यात कुणी घातलं? आजी आयुष्यभर खालची जमीन सारवत आली. घरात दहा माणसं, पाळण्यात मूल, चुलीवर भाकरी. भिंतीकडून दाराकडे मागे मागे सरकत ती अर्धी खोली सारवायची. ती वाळली की दुसरी अर्धी. कुणी घर सोडलं नाही. त्याला कुणी 'रिनोव्हेशन' म्हटलं नाही, कारण बाईचं काम होतं. मी त्याचे गोडवे गाणार नाही. तिचे गुडघे त्यातच गेले. पण माणसं घरात असताना जमीन कशी करायची, हे या घरात एकाच व्यक्तीला येत होतं, आणि मी विचारलं मोबाइलला.

गेल्या हिवाळ्यात मी तिला विचारलं. ती म्हणाली, "एका वेळी एक खण घे."

दोन तुळयांमधला एक खण, बस. बाकीची माडी चालू. खालचं स्वयंपाकघर तेवढा वेळ ताडपत्रीने झाकलेलं. डबे हलवायचं काम माझं, आईचं नाही. खिळे आत ठोकले. मशीन नाही; पोलादी पात्याने खरवडलं, मग हातानेच पॉलिश पेपर, साठ, ऐंशी, एकशेवीस. खरवडल्यावर पापुद्रे निघतात, मशीनसारखी बारीक धूळ उडत नाही. पेपर मारताना तोंडाला मास्क, दाराला ओली चादर. जुना ऑइलपेंट असेल तर कोरडा अजिबात घासू नका. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून आली. त्याआधीच्या रंगात किती शिसं आहे, ते डोळ्यांना दिसत नाही.

मग जवसाचं तेल. रंगाच्या दुकानात मिळतं ते, डबल बॉइल्ड. पातळ हात द्यायचा, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं पुसून काढायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. वास असतो, पण आम्ही सकाळी हात देऊन संध्याकाळपर्यंत खिडक्या उघड्या ठेवल्या, आणि आजी तेवढे दिवस खाली झोपली. एक धोका मात्र पाठ करा : तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं. बोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. आणि फटी मे महिन्यात गच्च भरू नका. तेव्हा लाकूड आक्रसलेलं असतं. पावसाळ्यात फुगलं की भरलेलं बाहेर येतं किंवा फळीच उचलते. धूळ खाली पडू नये म्हणून आम्ही खालून पट्ट्या मारल्या.

ही जमीन आरशासारखी चमकत नाही. पाणी साचू दिलं तर डाग पडतो. वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा हात द्यावा लागतो. पण डाग पडला तर तेवढाच भाग घासून तेवढ्यावरच तेल फिरवता येतं, रविवारी दुपारी, घरात सगळे असताना. ज्याला तुम्ही दोष म्हणाल, तीच तर सोय आहे.

सात खण होते, सहा झाले. उरलेला आजीच्या खाटेखाली आहे. खाट हलवायला ती तयार नाही. म्हणते, दिवाळीनंतर बघू.