मोटारीचा नमुना आणि हमीचा कागद

आपल्या पेढीवर तुरीची गाडी आली म्हणजे आपण काय करतो? वरच्या पोत्यातील टपोरे दाणे पाहून कोणी भाव बोलत नाही. तळच्या पोत्यात हात घालून नमुना काढतो, दाणा दाताखाली धरून ओलावा पाहतो, काडीकचरा किती निघतो ते पारखतो आणि मगच रुमालाखाली बोटे धरावीत की न धरावीत याचा विचार करतो. ज्या कलबुर्गीच्या तूरडाळीस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या बाजारात आपल्या वाडवडिलांनी जी पत मिळविली ती या तपासणीच्या सवयीवरच.

परंतु हाच चोखंदळ व्यापारी स्वतःसाठी मोटार घ्यावयास निघाला म्हणजे त्याची सारी पारख दुकानातच राहते. रंग चिरंजीव निवडतात, पडद्याचा आकार सूनबाई पाहतात, हप्त्याचा हिशेब बँक करते आणि अगदी शेवटी 'वाढीव हमी' नावाचा एक कागद पुढे सरकविला जातो, त्यावर आपण न वाचताच सही ठोकतो. प्रस्तुत लेखकानेही तेच केले. त्याचे फळ काय मिळाले ते पुढे सांगणार आहे. तूर्त एवढेच म्हणावयाचे आहे, की लहान मोटार हीदेखील एक जिन्नसच आहे आणि तिची हमी हा एक सौदाच आहे. दोहोंचीही पारख आपण आपल्या धंद्याच्या रीतीनेच केली पाहिजे.

लहान मोटारीशी आपल्या समाजाचे नाते परके नाही. आपल्या शेजारच्या सोलापुरात १८८२ साली एका जैन व्यापारी घराण्यात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. तिने १९५१ साली फियाटशी करार केला. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट ११०० ही मोटार मग पुष्कळ घरांत पहिली मोटार म्हणून आली. तिच्या गोलसर रूपाला लोक थट्टेने 'डुक्कर फियाट' म्हणत. पुढे तिच्याच वंशातील गाडीला 'पद्मिनी' हे नाव मिळाले आणि त्यानंतरही अनेक वर्षे ती बनत राहिली. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या नळीवर, मागील बाजूस पोलादी पाटे आणि लांबी चार मीटरांच्या आत. तिला आजच्यासारखी गुळगुळीत चाल नव्हती, परंतु ती कोठेही बिघडली तरी तालुक्याच्या गावचा मिस्त्री तिला उघडून पुन्हा जोडू शकत असे. तिची खरी हमी कागदावर नव्हती, मिस्त्रीच्या पान्यात होती.

आजची लहान मोटार निराळी आहे. तिचे माप कंपनीच्या इच्छेइतकेच सरकारच्या करानेही ठरविले आहे. २००६ सालच्या अंदाजपत्रकात चार मीटरांपेक्षा लांब नसलेल्या, तसेच पेट्रोलवर १२०० व डिझेलवर १५०० घनसेंटिमीटरपर्यंत इंजिन असलेल्या गाड्यांवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले, तेव्हापासून कंपन्या गाडी जणू फूटपट्टी लावूनच कापू लागल्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून याच वर्गावर पूर्वीचा २८ टक्के वस्तू व सेवा कर आणि उपकर जाऊन सरसकट १८ टक्के कर आला. किंमत उतरली, मागणी वाढली, हे ठीकच झाले. मात्र व्यापारी बंधूंनी एक गोष्ट विसरू नये. अशा प्रवासी मोटारीवर भरलेल्या कराची वजावट आपल्या धंद्याच्या हिशेबात सामान्यतः मिळत नाही, आणि तिच्या विम्यावर व दुरुस्तीवर भरलेल्या कराचीही मिळत नाही. म्हणून मोटारीचा प्रत्येक रुपया हा आपल्या गाठीचाच रुपया समजावा.

आता मालकांच्या मताकडे वळू. एकाच बनावटीच्या गाडीबद्दल बिदरचे एक गृहस्थ "पाळण्यासारखी चालते" असे सांगतात, तर आळंदचे दुसरे "कंबर मोडली" म्हणून हात जोडतात. दोघेही खोटे बोलत नाहीत. पहिल्यांची फेरी हुमनाबादहून हैदराबादकडे जाणाऱ्या ६५ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर होते, तर दुसऱ्यांची शेतवाटांतून आणि गावोगावच्या गतिरोधकांवरून. आपली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावरील रस्ता वरून डांबराने कितीही गुळगुळीत केला तरी दोन-तीन पावसाळ्यांत त्यावर लाटा उठतात. अशा रस्त्यावर आखूड गाडी पुढून चढते तोच मागून आपटते, कारण तिच्या पुढील व मागील चाकांत अंतर थोडे असते. २०२४ सालच्या स्विफ्टचे उदाहरण घेतले तर एकूण लांबी ३,८६० मिलिमीटर आणि चाकांमधील अंतर २,४५० मिलिमीटर आहे. या वर्गातील बहुतेक गाड्या याच मापाच्या आसपास असतात. तेव्हा मोठ्या मोटारीचे सुख तिच्यापाशी मागणे हे पायलीच्या मापाने खंडी मोजण्यासारखे आहे.

शिवाय स्प्रिंग नरम ठेवली तर खड्डा कमी जाणवतो, परंतु वळणावर गाडी झुकते आणि वेगात तरंगते. स्प्रिंग ताठ ठेवली तर गाडी रस्ता धरते, परंतु मागे बसलेल्या वडीलधाऱ्यांची पाठ धरते. मोठ्या चाकांची आणि कमी उंचीच्या टायरांची महाग आवृत्ती दिसावयास देखणी असते, परंतु टायरातील हवेची उशी कमी झाल्यामुळे तीच अधिक आदळते. विजेवर चालणारे स्टिअरिंग गंजातील गर्दीत एका बोटाने फिरते, तर तेच महामार्गावर शंभरच्या वेगात हलके वाटून मनात धास्ती उत्पन्न करते. म्हणून कोणाचे मत विचारताना "गाडी कशी आहे?" हा प्रश्न निरुपयोगी आहे. कोणत्या रस्त्यावर, किती माणसे आणि किती ओझे घेऊन, किती किलोमीटर चालविली, टायरात हवा किती होती, हे विचारावे. आणि स्वतः चालवून पाहताना कंपनीच्या माणसासह गुळगुळीत रस्त्यावर एक फेरी मारून समाधान मानू नये. घरची चार माणसे बसवावीत, मागे डाळीच्या दोन पोत्यांइतके ओझे ठेवावे आणि ज्या वाटेने आपण नित्य जातो त्याच वाटेने न्यावी. एवढे मान्य न करणाऱ्या विक्रेत्याचा माल आपण अन्य कोणत्याही धंद्यात घेतला असता काय?

आता हमीविषयी, आणि त्यासाठी स्वतःचीच गोष्ट सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. आमच्या लहान मोटारीस आम्ही पैसे भरून वाढीव हमी घेतली होती. एका फाल्गुनात मातोश्रींना तपासणीसाठी कलबुर्गीहून सोलापूरला नेत असता आळंद ओलांडल्यावर फलकावर तांबडा दिवा लागला आणि स्टिअरिंग एकाएकी दगडासारखे जड झाले. समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर येत होता. चिरंजिवांनी दोन्ही हातांनी सारे बळ लावून गाडी कडेला घेतली म्हणून निभावले. मातोश्री एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त पुढील आसनाची कड त्यांनी घट्ट धरून ठेवली होती. तो त्यांचा हात आम्हांस आजही दिसतो.

गाडी दुरुस्तीस गेली. बिल छत्तीस हजारांचे झाले. आम्ही निर्धास्तपणे हमीचा कागद पुढे केला तेव्हा तेथील तरुणाने नम्रपणे एका कलमावर बोट ठेवले. ठरलेल्या मुदतीत किंवा ठरलेल्या अंतराच्या आत सर्व्हिसिंग न झाल्यास हमी लागू राहणार नाही. आमचे सर्व्हिसिंग त्रेपन्न दिवस उशिरा झाले होते. का? तर ते दिवस तुरीच्या आवकेचे होते, आणि त्या दिवसांत आपल्यापैकी कोणास जेवावयास तरी फुरसत असते? आम्ही रागावलो, भांडलो आणि अखेरीस बिल भरून आलो. घरी येऊन तो कागद पहिल्यांदा वाचला. कलम तेथे होतेच. आमच्याकडे मुदतीनंतर माल पाठविणाऱ्यास आम्ही जे उत्तर देतो, तेच उत्तर आम्हांस मिळाले होते.

यावरून कोणी म्हणेल, की वाढीव हमी ही लूट आहे. आमचे मत तसे नाही. आमच्याच धाकट्या बंधूंच्या गाडीचा वातानुकूलनाचा कंप्रेसर बेचाळीस अंशांच्या उन्हात बंद पडला, तेव्हा त्यांचे सर्व्हिसिंग वेळच्या वेळी झालेले असल्यामुळे त्यांस एक पैसाही पडला नाही. भेद कागदात नव्हता, तो पाळण्यात होता.

तरीही सौदा म्हणून त्याकडे पाहिले पाहिजे. पहिली गोष्ट, हमी ही बनावटीतील दोषाची असते, झिजेची नव्हे. आपले रस्ते जे खातात, म्हणजे टायर, ब्रेकचे पॅड, क्लचची चकती, आणि पुष्कळदा सस्पेन्शनचे रबरी बुशसुद्धा, ते बहुधा हमीबाहेरच असते. म्हणून 'रस्ते खराब आहेत, तेव्हा हमी घ्यावी' हा युक्तिवाद चुकीचा आहे. हमी घ्यावी ती विजेच्या व नाजूक भागांसाठी, स्वयंचलित गिअरसाठी, स्टिअरिंगसाठी, कंप्रेसरसाठी, जे आजचा मिस्त्री पान्याने दुरुस्त करू शकत नाही. दुसरी गोष्ट, वर्षे व किलोमीटर यांपैकी जे आधी संपेल तेथे हमी संपते. मारुती सुझुकीने जुलै २०२४ मध्ये आपली मूळ हमी दोन वर्षे वा ४०,००० किलोमीटरवरून तीन वर्षे वा १,००,००० किलोमीटर केली आणि वाढीव हमी सहा वर्षे वा १,६०,००० किलोमीटरपर्यंत नेली. ऐकावयास सहा वर्षे मोठी वाटतात. परंतु खरेदीसाठी वर्षाला ४०,००० किलोमीटर हिंडणाऱ्या व्यापाऱ्याची ही सहा वर्षे चार वर्षांतच सरतात. उलट गावातच फिरणाऱ्या गाडीस किलोमीटर नव्हे, वर्षेच आधी संपतात. आपण यांपैकी कोण, हे ठरवून मगच पैसे मोजावेत. तिसरी गोष्ट, अपघात हा विम्याचा विषय आणि बिघाड हा हमीचा विषय आहे. पुराच्या पाण्यात इंजिन गेले तर हमीचा कागद काढून उपयोग नाही. त्यासाठी विम्यातच निराळी तरतूद घ्यावी लागते.

कायदाही आपणांस अगदी निराधार ठेवीत नाही. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केले एवढ्याच कारणाने सारी हमी रद्द करण्याची सरसकट अट कंपन्यांनी घालू नये, बाहेरच्या सदोष कामाने जे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असा आदेश भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांविरुद्ध दिला. कंपन्या पुढे अपिलात गेल्या, परंतु त्यातील न्याय आपल्यासारख्या लहान गावांस पटण्याजोगा आहे, कारण अधिकृत कार्यशाळा आपल्या दारात नसते. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्याप्रमाणे तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते. कंपनीच्या शहरी खेटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची आहे, आणि १९१५ या क्रमांकावर प्रथम सल्लाही मिळतो. मात्र गाडी पेढीच्या नावे घेतली असेल तर 'व्यापारी हेतू'चा आक्षेप येऊ शकतो. म्हणून घरच्या वापराची गाडी घरच्या नावेच घ्यावी, असे आमचे मत आहे.

शेवटी एक नम्र सूचना. आपल्या संघाच्या कार्यालयात बाजारभावाची वही असते. तिच्या शेजारी मोटारींची एक वही का असू नये? सभासदांनी त्यात गाडीचे नाव, साल, झालेले किलोमीटर, नित्याची वाट, बिघाड, आणि बिल कोणी भरले, हमीने की गाठीने, एवढेच लिहावे. स्तुती नको, शिव्याही नकोत. दोन वर्षांत बिदर व कलबुर्गी या दोन जिल्ह्यांतील रस्त्यांवर कोणती गाडी टिकते आणि कोणता कागद खरा ठरतो, हे कोणत्याही जाहिरातीपेक्षा ती वही अधिक स्पष्ट सांगेल. आणि तोवर प्रत्येकाने एक करावे. सर्व्हिसिंगची तारीख मुनिमाकडून रोजमेळाच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावी आणि ती हुंडीच्या मुदतीइतकीच कसोशीने पाळावी. आवकेचे दिवस दरवर्षी येतात. मागच्या आसनावर बसलेल्या मातोश्रींच्या भरवशास मात्र मुदतवाढ मिळत नाही.